आजोबांची शुगरची गोळी नातवाने खाल्ली आणि आता घरात सगळे मलाच बोलतायत

पत्र बरंच लांब होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात मी भांडी आवरत होते, सासरे आंघोळीला गेले होते आणि त्यांची गोळ्यांची डबी (सात वारांचे सात कप्पे असतात ना, तसली) पलंगावरच राहिली. मी खोलीत गेले तर दोन कप्पे उघडे आणि हा काहीतरी चघळतोय. सासूबाईंनी लगेच मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. त्यानंतर तो मस्त खेळायला लागला, सगळे म्हणाले निघाली गोळी, आता कशाला दवाखाना. मी हट्टाने नेलं. तिथेही आधी साखर नॉर्मलच आली, तरी डॉक्टरांनी ठेवून घेतलं, आणि चार तासांनी साखर एकदम खाली गेली. रात्रभर सलाईन. आता ठणठणीत आहे, पण घरात रोज एकच ऐकायचं, तुझं लक्ष कुठे होतं? मी चोवीस तास डोळ्यात तेल घालून बसू शकत नाही हो. आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांनी रात्रीच्या गोळ्या दोनदा घेतल्या, त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मी नक्की काय बदलू? आणि मुलाला पुढे काही त्रास तर होणार नाही ना?
– धास्तावलेली आई"

हट्ट केलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. हे पहिलं वाक्य घरच्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल, माझी हरकत नाही.

कारण सांगते. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिनच्या एखाद्या गोळीने लहान मुलाची साखर सहसा अशी कोसळत नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला ढकलून ढकलून इन्सुलिन सोडायला लावतात, आणि ज्याला शुगर नाही, ज्याचं वजन बारा-तेरा किलो आहे, त्याला आजोबांची एक गोळीसुद्धा खूप होते. बरं, हे लगेच दिसेल असंही नाही. दोन तासांनी होईल, चार तासांनी होईल, कधी कधी आठ तास उलटून गेल्यावर, मूल रात्री झोपेत असताना होईल, आणि झोपलेलं मूल गुंगीत गेलंय की नुसतं झोपलंय हे घरात कुणाला कळणार? म्हणून अशा मुलाला साधारण दिवसभर दवाखान्यात ठेवून पुन्हा पुन्हा साखर तपासतात. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलं नाही, ते डॉक्टर चांगले होते.

"खेळतोय ना, मग काही नाही" हे वाक्य विषबाधेत जितकं फसवतं तितकं दुसरं कुठलं फसवत नसेल. लोहाच्या गोळ्यांचंच उदाहरण बघा. घरात कुणी गरोदर असेल तर त्या असतातच, आणि रंगीत, गुळगुळीत, वरून गोड आवरण, मुलाला त्या चॉकलेटच्या गोळ्याच वाटतात. जास्त खाल्ल्या तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल एकदम बरं दिसतं, आईबाप निश्वास टाकतात, आणि त्यानंतर खरा आजार सुरू होतो, बीपी पडतं, लिव्हरवर परिणाम होतो. पॅरासिटामॉलचंही तसंच, पहिला दिवस जरा मळमळ किंवा तेवढंही नाही, लिव्हर बिघडल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं उत्तम औषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं, म्हणजे जेव्हा माणूस बरा दिसत असतो तेव्हाच. त्यामुळे मूल कसं दिसतंय यावरून ठरवायचंच नाही, काय खाल्लं आणि किती खाल्लं असू शकेल यावरून ठरवायचं. कप्प्यात गोळ्या किती होत्या हे आठवत नसेल तर जास्तीत जास्त धरून चालायचं.

आता मिठाचं पाणी. सासूबाईंचा हेतू चांगला होता, त्यांच्या पिढीला हेच शिकवलेलं, आणि खरं तर डॉक्टरही एके काळी उलटी काढायलाच सांगायचे. उलटी करवणारं इपेकॅक नावाचं सिरप अमेरिकेत घरोघरी ठेवायचा सल्ला असायचा, शेवटी २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की घरात हे वापरू नका, असेल तर टाकून द्या. कारण साधं आहे, उलटीत सगळं बाहेर येतं ही समजूतच खरी नाही, किती राहिलं आत याचा काही भरवसा नसतो, तुमच्याच मुलाचं उदाहरण बघा ना. आणि मिठाचं पाणी तर त्याहून वाईट, उलटी नाही झाली तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम वाढून झटके येऊ शकतात, यात मुलं दगावलेली आहेत. म्हणजे विषाने झालं नसतं ते उपायाने झालं.

रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन असलं काही प्यायलं असेल तर उलटी म्हणजे संकटच. हे द्रव पातळ असतात, पोटात फार नुकसान करत नाहीत पण उलटीबरोबर किंवा नुसत्या ठसक्यानेसुद्धा फुफ्फुसात उतरतात आणि मग न्यूमोनिया. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, नाली साफ करायचं कॉस्टिक, हे जाताना अन्ननलिका भाजत गेलेलं असतं, उलटी काढली की परत वर येताना पुन्हा भाजतं. त्यावर लिंबू पाजा, सोडा पाजा असले उतारे करू नका. दूध हे सगळ्या विषांवरचं औषध आहे हाही एक गोड गैरसमज. तर घरात सगळ्यांना एकच सांगा, तोंडात बोटं नाही, मीठ नाही, मोहरी नाही, काही नाही.

बरं आता तो प्रश्न, तुझं लक्ष कुठे होतं. मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो, आणि तुमची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, या प्रश्नाने मुलं वाचत नाहीत म्हणून म्हणतेय. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अशी मुलं येतात ती बेफिकीर आईबापांची नसतात. आई तिथेच असते, शेजारच्या खोलीत असते, कधी तर त्याच खोलीत पाठ करून उभी असते. आणि बऱ्याचदा वस्तू कपाटात नसतेच, ती वापरात असते. फरशी पुसता पुसता फिनाइलची बाटली झाकण काढून खाली ठेवलेली, तेवढ्यात बेल वाजली. बाळाला तापाचं औषध देऊन बाटली टेबलावर, तेवढ्यात फोन. आजोबांची डबी पलंगावर, कारण आंघोळीहून आल्यावर घ्यायचीच होती. साठवायची जागा चांगली असते हो प्रत्येक घरात, गडबड होते ती काढल्यापासून परत ठेवेपर्यंतच्या वेळात. म्हणून माझा नियम असा, बेल वाजली तर बाटली हातात घेऊन दार उघडायला जायचं. येडपट दिसतं, दिसू दे.

वेळा पण ठरलेल्या असतात साधारण. दुपार उलटल्यापासून ते रात्रीच्या जेवणापर्यंत मूल भुकेलं, मोठे थकलेले, प्रत्येक जण काहीतरी करतोय, विषबाधा केंद्रांचे (विष पोटात गेलं तर काय करायचं ते फोनवर सांगणारी केंद्रं) फोन याच वेळात जास्त वाजतात. आणि घराची घडी विस्कटलेली असते तेव्हा, म्हणजे पाहुणे आलेत, घर बदलतोय, रंगकाम चाललंय, कुणीतरी आजारी आहे. आजारपणात तर दुहेरी गोची, औषधं बाहेर असतात आणि लक्ष आजाऱ्याकडे असतं.

वयाप्रमाणे प्रकार बदलतो तेही लक्षात घ्या, कारण आत्ता जे कराल ते वर्षाने पुरणार नाही. रांगतं बाळ जमिनीवरचं तोंडात घालतं, म्हणजे कपाटामागची डांबरगोळी, कोपऱ्यात टाकलेलं उंदराचं औषध, खाली पडलेली एखादी गोळी. एक ते तीन हे सगळ्यात धोक्याचं वय, चालता येतं, चढता येतं, झाकण फिरवता येतं, आणि चव वाईट आहे म्हणून थुंकून टाकेल याची काही खात्री नाही, मुलं रॉकेलसुद्धा घोटभर पितात. तीन ते पाचला नक्कल येते. बाबा गोळी घेतात, आजी चमच्याने काहीतरी पिते, मग मीपण, आणि बाहुलीला पण आणि धाकट्या बहिणीला पण. म्हणून औषध मुलांसमोर घेऊ नये, आणि "गोड गोड गोळी, चॉकलेट आहे" असं सांगून तर कधीच देऊ नये, त्या एका दिवशी सोपं जातं पण नंतर तो स्वतःहून चॉकलेट शोधत येतो. लहान मुलांच्या केसेस आकड्याने खूप जास्त, पण बहुतेकांत एकच वस्तू, थोडीशीच चाटलेली, म्हणून बहुतेक मुलं सुखरूप घरी जातात. मोठ्यांच्या केसेस कमी आणि मरणारे मात्र बहुतेक मोठेच, त्यावर खाली येते.

आणि एकदा असं झालेल्या घरात पुन्हा व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. हे घाबरवायला नाही सांगत. पण तीच डबी, तोच पलंग आणि तेच चढणारं मूल, मग नुसतं ओरडून काय बदलणार?

तर डबीपासून सुरू करा. ती कप्प्यांची डबी वयस्कर माणसाला सोयीची आहे, ती फेकू नका, पण तिची झाकणं अंगठ्याने टक् करून उघडतात आणि दोन वर्षांच्या मुलासाठी टक् करून उघडणारी सात झाकणं म्हणजे खेळणंच झालं. मूळ बाटलीला निदान दाबून फिरवायचं झाकण असू शकतं, डबीला काहीच नाही. ते दाबून फिरवायचं झाकण १९६७ मध्ये कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांच्या खटपटीतून आलं, गोळ्या खाऊन आलेली पोरं बघून बघून ते वैतागले होते. पुढे १९७० मध्ये अमेरिकेने औषधांना आणि काही घरगुती रसायनांना अशी झाकणं कायद्यानेच सक्तीची केली आणि मुलांचे मृत्यू खरोखर घटले. कुणाला लक्ष ठेवायला शिकवून नाही, झाकण बदलून. पण तेसुद्धा कुलूप नव्हे बरं का. चाचणीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं बसवतात, आणि त्यातल्या निदान ८० टक्के मुलांना १० मिनिटांत उघडता आलं नाही की झाकण पास. म्हणजे उरलेल्यांनी उघडलं तरी पास. झाकणाने तुम्हाला धावत जायला काही मिनिटं मिळतात, एवढंच त्याचं काम. आणि झाकण नीट टक् होईपर्यंत फिरवलं नाही तर तेवढंही नाही.

मग डबी कुठे ठेवायची? उंचावर आणि कुलपात, दोन्ही. नुसतं उंच पुरत नाही, खुर्ची ओढता येते. सासऱ्यांना रोज कुलूप काढणं जड जात असेल तर नंबर फिरवून उघडायची छोटी पेटी त्यांच्या खांद्याच्या उंचीला भिंतीवर लावा. आणि गोळ्या घेताना त्यांनी उभ्यानेच घ्याव्यात, तिथल्या तिथे, डबी पलंगावर न्यायचीच नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, नवऱ्याला सांगायला लावा, वडिलांना मुलगा बोलला तर लागत नाही एवढं.

पाहुण्यांच्या पर्स आणि बॅगा ही दुसरी जागा. आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी बॅग उचलून वर ठेवायची. त्यात बीपीची गोळी असते, हृदयाची असते, झोपेची असते, दुखण्यावरची कडक गोळी असते, सिगरेट किंवा निकोटीनचं लिक्विड असतं. शुगरच्या गोळीसारखंच ॲम्लोडिपिन, व्हेरापामिल, क्लोनिडिन या बीपी-हृदयाच्या गोळ्या, ओपिऑइड जातीच्या वेदनाशामक गोळ्या, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, यातल्या एका-दोन गोळ्यासुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. आणि ज्यांना आपण औषध मानतच नाही ती मालिशची तेलं, बाम, कापराचं तेल. विंटरग्रीन तेल ज्याला म्हणतात त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, त्याच्या एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक ॲस्पिरिन गोळ्यांएवढा ऐवज असतो. वास छान येतो, बाटली छोटी, उशाशी ठेवलेली. कापूर पोटात गेला तर अर्ध्या तासाच्या आत झटके येऊ शकतात.

एक काम करा, मुलगा झोपला की त्याच्या उंचीला जमिनीवर बसा आणि खोली बघा. माझ्याकडून लिहून घ्या, उभ्याने दिसत नाहीत अशा वस्तू दिसतील. पलंगाच्या खालच्या ड्रॉवरचा अर्धा उघडा कोपरा, सिंकखालच्या कपाटाचं न लागणारं दार, कपाटाखाली सरकलेली स्ट्रिप, रिमोट ज्याचं मागचं झाकण केव्हाच हरवलंय.

रिमोटवर जरा थांबते, कारण बटणासारखा चपटा सेल हा विष म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. २० मिलिमीटरचा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागेत त्याचा करंट सुरू होतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोल भाजू शकते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही, रिमोट चालेना म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही तेवढी धग शिल्लक असते. मूल लाळ गाळतं, खोकतं, खायला नको म्हणतं, आणि सगळ्यांना वाटतं घसा आलाय. संशय आला तर सरळ एक्स-रे असलेल्या दवाखान्यात. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यायला विषबाधा केंद्रं सांगतात, जास्तीत जास्त सहा वेळा, त्याने भाजण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधत बसायचं नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. बाकी खायला-प्यायला काही द्यायचं नाही. ज्या वस्तूंचं सेलचं झाकण स्क्रूने लागत नाही त्यांना आजच चिकटपट्टी मारा.

आणि घरातल्या मोठ्यांची एक सवय मला अजिबात खपत नाही, उरलेलं थिनर, ॲसिड, फवारणीचं औषध पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं. वर लिहिलं तरी काय, मुलाला वाचता येत नाही आणि तहानलेला मोठा माणूस वाचत नाही. यात मोठी माणसंसुद्धा सापडतात. मूळ डब्यातच राहू द्या, संपत आलं असेल तर टाका.

आता सासरे. तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय पण ही दुसरी विषबाधाच झाली, फक्त आपण तिला तसं म्हणत नाही. रात्रीच्या गोळ्या दोनदा घेणं, बायकोची स्ट्रिप आपली समजून घेणं, अंधारात चष्मा न लावता घेणं, वयस्कर माणसांत हेच प्रकार जास्त. त्यातून शुगरची, रक्त पातळ करायची, हृदयाचे ठोके सांभाळणारी डिगॉक्सिनसारखी गोळी असेल तर दुप्पट डोस चेष्टेवारी न्यायचा नाही. असं पुन्हा झालं तर "उद्याची घेऊ नका मग" असं परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि शुगरची गोळी असेल तर त्या रात्री साखर तपासा, गुंगी, घाम, बरळणं याकडे बघा. त्यांची वारांची डबी इथे खूप उपयोगाची आहे, पण भरणारा एकच माणूस हवा आणि घेतल्यावर रिकामा कप्पा उघडाच ठेवायचा, म्हणजे घेतली का नाही हे आठवायला लागत नाही.

हाच घोळ मुलांच्या औषधात होतो. आईने दिलं, बाबाने आल्यावर परत दिलं, आजीला माहीतच नव्हतं. फ्रिजवर एक कागद आणि पेन, दिलं की वेळ लिहायची. आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका हो, छोटा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा, सरळ तिप्पट फरक. बिनसुईची सिरिंज किंवा बाटलीबरोबर आलेलं माप, तेही त्याच बाटलीचं.

मोठ्यांनी स्वतःसाठी पॅरासिटामॉलचा हिशोब ठेवावा. निरोगी मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी असेल, दारू रोजची असेल, लिव्हर आधीच नाजूक असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सगळं मिळून म्हणते कारण तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं, ब्रँडचं नाव वेगळं असतं म्हणून कळत नाही. झोपेची गोळी, कडक वेदनाशामक आणि दारू, यातली कुठलीही दोन एकत्र आली की श्वास मंदावतो, झोपेतच.

बाथरूम साफ करताना ब्लीच आणि ॲसिडवालं क्लीनर एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र केलं तर क्लोरामाइन नावाचा वायू. डाग निघत नाही म्हणून दोन्ही ओतणारे लोक हुशार असतात, घाईत असतात इतकंच. डोळे-घसा चुरचुरला की सगळं तिथेच टाकून बाहेर यायचं, पाणी ओतायला परत आत जायचं नाही.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही, रंगही नाही. बंद खोलीत शेगडी, बिघडलेला गॅस गीझर, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, जनरेटर. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू झाल्यासारखं, आणि घरात सगळ्यांना एकदम झालं, बाहेर गेलं की बरं वाटतं, परत आलं की पुन्हा, असं असेल तर हेच डोक्यात आणा. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, तो या वायूने भरलेलं रक्तसुद्धा ऑक्सिजनचंच समजतो आणि आकडा मस्त ९८ दाखवतो. दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं, मगच बाकीचं. अलार्म मिळतो तो झोपायच्या खोलीजवळ लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी लिहिते. किशोरवयीन मुलं आणि मोठ्यांमध्ये जीवघेण्या विषबाधा बऱ्याचदा अपघात नसतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली तसे तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या, म्हणजे हाताशी वस्तू नसली आणि ती वेळ टळली की खूप माणसं वाचतात. घरात कुणी फार खचलेलं असेल तर औषधांचा साठा कमी ठेवा, बाकी कुलपात, आणि त्यांना सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुन्हा काही झालंच तर, देव करो न होवो, पण झालंच तर काय करायचं ते घरात सगळ्यांना एकदाच सांगून ठेवा. तोंडात दिसतंय ते बोटाने हळूच काढायचं, खोल बोट घालायचं नाही. कातडीवर सांडलं असेल तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी, मूल कितीही रडू दे. कीटकनाशक असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालूनच कपडे काढा, ते कातडीतून आपल्यातही शिरतं. मूल शुद्धीत नसेल, श्वास नीट नसेल, झटके येत असतील तर थेट ॲम्ब्युलन्स, कुशीवर वळवून ठेवायचं. बाकी वेळी विषबाधा केंद्राला फोन. शिकागोत १९५३ मध्ये असं पहिलं केंद्र निघालं, आता जगात बऱ्याच ठिकाणी आहेत पण सगळीकडे नाहीत, तुमच्याकडचं शोधून नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आणि फ्रिजवर. नसेल तर जवळची कॅज्युअल्टी. जाताना बाटली, स्ट्रिप, डबी, जे असेल ते बरोबर न्यायचं, उरलेल्या गोळ्यांसकट, "पांढरी गोळी होती" एवढ्यावर डॉक्टरला काही करता येत नाही. कोळशाची पावडर घरी पाजू नका, ती काही विषांवर पहिल्या तासाभरात उपयोगी पडते, काहींवर अजिबात नाही, आणि श्वासात गेली तर नवीनच दुखणं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. साखर खाली गेली तेव्हा तो दवाखान्यात होता, लगेच कळलं, लगेच ग्लुकोज चढलं. साखर खूप खाली खूप वेळ राहिली तर मेंदूला त्रास होतो, ते इथे झालेलं दिसत नाही. या गोळीने त्याला शुगर होणार नाही, लिव्हर-किडनीला काही होणार नाही, वेगळं पथ्य नको. डिस्चार्जच्या कागदावर गोळीचं नाव, सगळ्यात कमी साखर किती होती आणि झटका आला होता का, हे लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून घ्या आणि पुढच्या लशीला जाल तेव्हा तो कागद त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा, दोनदा गोळ्या घेतल्याचं सांगा, त्यांच्या गोळ्यांची संख्या किंवा वेळा कमी करता येतील का हे विचारायला हा चांगला मोका आहे.